गावी परत येऊन केकच्या ऑर्डर घेताय? आधी एवढं करा

ताई, पुण्याहून रत्नागिरीला परत येऊन केकच्या ऑर्डर घेताय आणि नुसत्या वासावरून केक झालाय का ते कळतं म्हणता, भारीच की! पण रत्नागिरीच्या दमट हवेत मैदा, साखर सगळंच ओल धरतं, म्हणून सुरुवातीला नाकाच्या जोडीला वजनकाटा आणि ओव्हन थर्मामीटर ठेवाच, ओव्हनच्या बटणावर १८० डिग्री लिहिलंय म्हणजे आत १८० असतंच असं नाही.

- तीनच आयटम. पुण्यातला अख्खा मेन्यू इथे नको.
- एक तरी एगलेस हवाच, श्रावणात तोच खपेल.
- मे महिन्यात बटरक्रीम स्कूटरवरून पाठवू नका, वितळतं. ड्राय केक (वर क्रीम नसलेला) द्या.
- ओळखीत फुकट वाटणं ही सगळ्यात कॉमन चूक, आत्या-काकू रुसल्या तर रुसू देत, ॲडव्हान्स घ्या.

एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचं) बेसिक रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपयांत होतं, ते आधी उरका. फॉन्डंट (साखरेचं लाटलेलं आवरण), टियर (मजल्यांचे) केक वगैरे नंतर बघू.