मार्क्ड-अनमार्क्ड शिकायलायस? आधी म्हशीकडं बघ

भावा, जोडीतला जो शब्द किंवा रूप साधं, दोन्हीकडं चालतं ते अनमार्क्ड, आणि जे एकालाच खास लागतं ते मार्क्ड. 1930 च्या आसपास प्रागवाल्या ट्रुबेत्स्कॉय आणि याकबसन ह्या भाषाशास्त्रज्ञांनी ह्यावर काय मांडलं ते नंतर वाच, आधी कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन उभा ऱ्हा. कळपात एखादा रेडा असला तरी आपण 'म्हशी आल्या' असंच म्हणतोय, म्हणजे इथं मादीचा शब्द अनमार्क्ड, आणि 'कुत्रा चावला' म्हणताना नर का मादी कोण बघत बसतंय? तिथं नराचा शब्द अनमार्क्ड. पुल्लिंग म्हणजे कायम अनमार्क्ड, ही नवख्यांची पहिली चूक.

'किती उंच हाय' बुटक्यालाबी चालतं, 'किती बुटका' विचारलं की बुटका हे आधीच ठरलं. म्हणजे उंच अनमार्क्ड, बुटका मार्क्ड. ही टेस्ट लई कामाची.

क्रियापदात नुसते प्रत्यय मोजू नको. तुर्कीत 'गेल्दिम' म्हणजे मी आलो आणि तो किंवा ती आली तर नुसतं 'गेल्दी', जादा काय नाही. इंग्रजीत मात्र वर्तमानकाळात नेमका तो-तीलाच 'एस' चिकटतो! म्हणजे प्रत्यय नाही ते अनमार्क्ड, हे दरवेळी धरून चालत नाही.

आणि अनमार्क्ड म्हणजे शुद्ध असलं काय नसतंय. आमच्याकडं पोरीबी 'मी जातो' म्हणतात, हसणारे हसू देत.

सध्या घरातल्या बोलण्यातल्या अशा मार्क्ड-अनमार्क्ड धा जोड्या वहीत लिही, थिअरी महिनाभर बाजूला.