तीस डॉलरची कॅनडियन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाकडे मिसिसागाला आलो आहे. एलसीबीओच्या (इथल्या सरकारी दारूविक्री मंडळाच्या) दुकानात कॅनडियन व्हिस्कीचं कपाट पाहून गोंधळ उडतो. बऱ्याच बाटल्यांवर ‘राय’ लिहिलेलं असतं. तीस-पस्तीस डॉलरांत, नुसत्या पाण्याबरोबर घेता येईल अशी कोणती?

उत्तर : आधी ‘राय’चा घोळ मिटवू. ही फोडणीतली राई नव्हे, गव्हाच्या कुळातलं धान्य. मात्र कॅनडाच्या कायद्यात ‘कॅनडियन व्हिस्की’, ‘कॅनडियन राय व्हिस्की’ आणि ‘राय व्हिस्की’ ही तिन्ही नावं एकाच मालाला चालतात. आत राय किती हवी, याचं बंधनच नाही. मुख्य बंधन असं की, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या लाकडी पिंपात, कॅनडातच, किमान ३ वर्षं मुरलेली हवी आणि अल्कोहोल ४० टक्क्यांपेक्षा कमी नको.

बहुतेक बाटल्यांत मक्याची हलकी ‘बेस’ व्हिस्की भरपूर आणि चवीपुरती रायची असते. दोन्ही वेगवेगळ्या गाळतात, वेगवेगळ्या मुरवतात आणि मग मिसळतात. म्हणून ती गोडसर, घशाला मऊ लागते. रायचा मिरमिरीतपणा हवा असेल, तर लेबलावर ‘१०० टक्के राय’ शोधा.

या भावात पहिली निवड अल्बर्टा प्रीमियम. कॅल्गरीची अल्बर्टा डिस्टिलर्स (१९४६) ती निव्वळ रायपासून बनवते आणि तरी ती स्वस्तातल्या फळीवर असते. आधी व्हॅनिलाचा गोडवा, मागून मिरी-लवंगेची चुणचुण. चुणचुण नको असेल, तर वायझर्स १० वर्षांची किंवा कॅनडियन क्लब १२ वर्षांची घ्या. खिसा थोडा सैल करायची तयारी असेल, तर विंडसरची लॉट ४० : पूर्ण राय, पॉट स्टिलमधली (हंड्यासारख्या भट्टीत गाळलेली), ४३ टक्के. क्राउन रॉयल १९३९ साली राजे सहावे जॉर्ज यांच्या दौऱ्यासाठी तयार झाली. जांभळी मखमली पिशवी छानच, पण पिशवी पिता येत नाही. त्याच घरातली नॉर्दर्न हार्वेस्ट (९० टक्के राय, ४५ टक्के अल्कोहोल) आमच्या मते सरस.

एक चूक फार होते. सफरचंद, मेपल, व्हॅनिला अशा स्वादाच्या बाटल्या त्याच फळीवर, तशाच वेषात असतात. त्या पुष्कळदा ३५ टक्क्यांच्या आणि चांगल्याच गोड असतात. उचलण्यापूर्वी टक्का वाचा.

पहिल्याच फेरीत १.१४ लिटरची बाटली घेऊ नका. लोकप्रिय व्हिस्क्या ३७५ मिलीत मिळतात. तिकडे या छोट्या बाटलीला ‘मिकी’ म्हणतात. मिलीमागे थोडी महाग पडते, पण न आवडलेली मोठी बाटली त्याहून महाग. दोन मिकी आणा, दोन ग्लासांत २०-२० मिली ओता, आधी वास घ्या, एक घोट नुसता, मग ५ मिली साधं पाणी. एवढ्याने ४० टक्क्यांची ३२ वर येते आणि वास मोकळा होतो. बर्फ नंतर, गारव्याने वास दबतो. आणि चाखताना तिखट शेव समोर नको, खारे शेंगदाणे पुरे.

प्रश्न : कॅनडात राय आणि जिंजर एल (आल्याच्या स्वादाचं गोड सोडापेय) एकत्र घेतात. आमचं मिश्रण पाणचट आणि अतिगोड होतं. कुठे चुकतं?

उत्तर : बर्फ कमी पडतोय आणि जिंजर एल कोमट आहे. दोन-चार खडे लवकर वितळतात; उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरला तर सगळं गार राहतं आणि वितळणं मंदावतं. ४५ मिली व्हिस्की, १०० ते १२० मिली फ्रिजमधलं जिंजर एल कडेने ओता, चमचा एकदाच फिरवा. ढवळत बसलात तर फेस मरतो. वर लिंबाची फोड पिळा. गोड व्हिस्कीत गोड जिंजर एल म्हणजे सरबतच, म्हणून इथेही अल्बर्टा प्रीमियमच. लॉट ४० यात घालवू नका.

प्रश्न : पुण्याला येताना किती आणता येते?

उत्तर : विनाशुल्क माणशी २ लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने २.२५ लिटर होतात आणि जादा मालावर शुल्क लागतं. मधे विमान बदलायचं असेल, तर बाटल्या चेक-इन बॅगेतच ठेवा. प्रत्येक बाटली बंद प्लास्टिक पिशवीत घालून टॉवेलात गुंडाळा आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा, कडेला नको.

प्रश्न : उघडलेली बाटली वर्षभराने फिकी लागते. खराब झाली का?

उत्तर : खराब नाही, हवेने वास उडाला. बाटली पाव उरली की छोट्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. उन्हापासून दूर आणि उभीच ठेवा. आडवी ठेवली तर अल्कोहोल बूच खातो आणि पहिल्याच पेगमध्ये त्याचा भुगा तरंगतो. भुगा आलाच, तर कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा.