औषधी वनस्पतींवर काम सुरू करताय? आधी नमुना नीट घ्या

विषय छान निवडलात. क्रोमॅटोग्राफी (अर्कातले घटक वेगळे करायची पद्धत) वगैरे सध्या बाजूला ठेवा. अर्क काढायची घाई हीच नवख्यांची मोठी चूक.

शंखपुष्पी म्हणून कुठे विष्णुक्रांत देतात, कुठे गोकर्ण. हर्बेरियमचा नमुना (ओळखीसाठी दाबून वाळवलेली फांदी किंवा रोपटं) जपला नसेल, तर पुढची रासायनिक तपासणी नेमकी कोणत्या झाडाची, हे कुणालाच सांगता येत नाही.

- फूल किंवा फळ असलेलीच फांदी घ्या, लहान रोपटं मुळासकट. नुसत्या पानांवरून ओळख पटवणं फार अवघड.
- वर्तमानपत्राच्या घडीत पसरून दाबा. एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे मागची लव, शिरा दिसतात. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात आळस केलात की बुरशी आलीच.
- फुलाचा रंग, वास, चीक जागेवरच लिहा. वाळल्यावर यातलं फारसं काही उरत नाही.

गावात माहिती विचारण्याआधी परवानगी घ्या. “हे पोटदुखीवर देता ना?” असं विचारू नका, समोरचे भिडेखातर हो म्हणतात. “याचं काय करता?” एवढंच विचारा, मग कोणता भाग, किती, कशातून ते नोंदवा.

ओळख पडताळायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे.