संगणक-शंका : इमेज उतरवली, पण नव्या यूजरला विंडोज कोरंच

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आली आहेत. एका पीसीवर नीट मांडलेल्या विंडोजची ‘इमेज’ (संपूर्ण डिस्कची नक्कल) इतर पीसींवर उतरवली, की नव्या यूजरला ती मांडणी दिसत नाही. म्हणून ती सगळी एकत्र घेतली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच लिहायची आहेत.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये एकसारखे ४० पीसी आहेत. एका पीसीवर ‘लॅबॲडमिन’ खात्यातून डेस्कटॉप, टास्कबार, फोल्डरची मांडणी असं सगळं लावलं आणि त्याची इमेज बाकी पीसींवर मारली. लॅबॲडमिनला सगळं दिसतं, पण विद्यार्थ्याचं नवं खातं उघडलं की कोरी विंडोज. असं का?
— लॅब असिस्टंट, सांगली

उत्तर : कारण तुम्ही लॅबॲडमिनचं घर सजवलंत आणि विद्यार्थ्यांची घरं वेगळ्याच साच्यातून निघतात. तो साचा म्हणजे सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमधला ‘डिफॉल्ट’ हा लपवलेला फोल्डर आणि त्यातली एनटीयूजर.डॅट ही रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदींची, फाइल. एखादा यूजर त्या पीसीवर पहिल्यांदा लॉगिन करतो, तेव्हा विंडोज या फोल्डरची नक्कल करून त्याचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइली आणि सेटिंगचं घर, बनवते. लॅबॲडमिनच्या प्रोफाइलकडे ती ढुंकूनही पाहत नाही. ही नक्कल एकदाच होते, हेही ध्यानात ठेवा. साचा नंतर बदलला तरी आधी लॉगिन करून गेलेल्या यूजरला फरक दिसणार नाही. त्यामुळे तपासणी कायम नव्या खात्यावर करा. जुन्या ‘टेस्ट’ खात्यावर तपासून ‘होत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत.

साचा भरण्याचा मायक्रोसॉफ्टला मान्य असलेला मार्ग म्हणजे कॉपीप्रोफाइल ही सेटिंग. ती एका खात्याचं प्रोफाइल साच्यात नकलते. विंडोज कोरी टाका. देश आणि भाषा विचारणारा पहिला पडदा आला, की काही न भरता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकदम दाबा. पीसी ऑडिट मोडमध्ये, म्हणजे वापराला देण्याआधीच्या तयारीच्या अवस्थेत, जाईल आणि मूळचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं आपोआप उघडेल. समोर सिसप्रेपची, म्हणजे इमेज घेण्याआधी विंडोजमधून त्या पीसीच्या खुणा पुसणाऱ्या प्रोग्रॅमची, छोटी खिडकी येईल, ती बंद करा. सॉफ्टवेअर आणि सगळी मांडणी याच खात्यात करा. दुसरं खातं उघडू नका. उघडलं असेल तर मांडणीला हात लावण्याआधी ते प्रोफाइलसकट काढा, कारण एकाहून जास्त प्रोफाइलं असली तर चुकीचं उचललं जाऊ शकतं. पीसी डोमेनला (सगळी खाती सर्व्हरवरून चालवणाऱ्या संस्थेच्या नेटवर्कला) जोडून डोमेनच्या खात्यात मांडणी करणंही व्यर्थ आहे. सिसप्रेप पीसीला डोमेनमधून बाहेर काढतो आणि कॉपीप्रोफाइल त्यानंतर चालतं. आधी इमेज, मग डोमेन, हा क्रम ठेवलात तर डोमेनच्या नव्या यूजरांनाही साचा मिळतो.

मग मायक्रोसॉफ्टच्या एडीके किटमधल्या सिस्टिम इमेज मॅनेजरने उत्तर-फाइल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली अनअटेंड.एक्सएमएल, बनवा. त्यात चौथ्या म्हणजे ‘स्पेशलाइज’ पासमध्ये (सेटअपच्या टप्प्यात) शेल-सेटअप हा घटक घेऊन कॉपीप्रोफाइलची किंमत ‘ट्रू’ करा. व्हर्च्युअल मशीनवर काम करत असाल तर इथे चेकपॉइंट घ्या, पुढे काही फसलं तर परत येता येतं. शेवटी सिस्टिम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरमधून आज्ञा द्या : सिसप्रेप /जनरलाइज /ओओबीई /शटडाउन /अनअटेंड:, आणि पुढे फाइलीचा पूर्ण पत्ता.

पीसी बंद झाला की इमेज घेईपर्यंत तो त्याच डिस्कवरून सुरू होऊ देऊ नका. एकदा सुरू झाला की स्पेशलाइज पास तिथेच उरकतो आणि सिसप्रेप पुन्हा करावा लागतो. फॉगसारख्या सर्व्हरने नेटवर्कवरून इमेज घेणाऱ्यांनी बूट क्रमात नेटवर्क आधीच पहिलं करून ठेवावं.

प्रश्न : सिसप्रेप मध्येच थांबतो. म्हणतो, एक पॅकेज एका यूजरसाठी बसवलंय, सगळ्यांसाठी नाही.

उत्तर : स्टोअरचं काम. इंटरनेट चालू असताना स्टोअरने एखादं ॲप चालू खात्यापुरतं अपडेट केलं, की सगळ्यांसाठी ठेवलेली आवृत्ती आणि या खात्यातली आवृत्ती यांचा मेळ बसत नाही. सिसप्रेप फोल्डरच्या आतल्या पँथर फोल्डरमध्ये सेटअपएरर.लॉग आहे, त्यात पॅकेजचं पूर्ण नाव मिळतं. पॉवरशेलमधून रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेज या आज्ञेने ते काढा. ॲप नकोच असेल तर रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेज वापरून ते सर्वांसाठीच काढा. एक काढलं की पुढच्या खेपेला दुसऱ्याचं नाव येतं. त्याने बिचकू नका. पुढच्या वेळी मात्र ऑडिट मोडमध्ये नेटवर्कची केबल काढूनच काम करा.

विंडोज ११ वर दुसरा अडथळा बिटलॉकरचा. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं असतं आणि सिसप्रेप अडतो. मॅनेज-बीडीई -ऑफ सी: ही आज्ञा द्या आणि मॅनेज-बीडीई -स्टेटस मध्ये डिस्क पूर्ण मोकळी झाल्याचं दिसेपर्यंत थांबा.

प्रश्न : उत्तर-फाइलीत कॉपीप्रोफाइल ‘ट्रू’ आहे, सिसप्रेपही विनातक्रार होतो, तरी साचा कोराच. काय बघू?
— सिस्टिम ॲडमिन, पुणे

उत्तर : अंदाज नको, लॉग वाचा. इमेज उतरवलेल्या पीसीवर विंडोज, पँथर, अनअटेंडजीसी या वाटेने गेलात की सेटअपॲक्ट.लॉग सापडेल. त्यात ‘कॉपीप्रोफाइल’ शोधा. ‘सक्सीडेड’ असं लिहून पुढे यूजर्स\ॲडमिनिस्ट्रेटर हा पत्ता असेल तर नक्कल झाली आहे, तुमचा प्रश्न या पुढच्या उत्तरात आहे. पत्ता दुसऱ्याच प्रोफाइलचा असेल तर जास्तीचं खातं राहून गेलंय.

ती ओळच नसेल तर उत्तर-फाइल वाचलीच गेली नाही, किंवा वाचली गेली ती दुसरी. हा दुसरा प्रकार फार होतो. एमडीटी किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या साधनांनी इमेज उतरवता तेव्हा ती साधनं स्वतःची उत्तर-फाइल पँथरमध्ये ठेवतात, आणि सिसप्रेपच्या वेळी तुम्ही दिलेली बाजूला पडते. तिथे कॉपीप्रोफाइल उतरवण्याच्या टप्प्यातल्या उत्तर-फाइलीत हवं. एमडीटीत ही फाइल कंट्रोल फोल्डरमध्ये टास्क सिक्वेन्सच्या नावाखाली असते. उतरवल्यावर पँथरमधली अनअटेंड.एक्सएमएल उघडून पाहा, कोणाची आहे ते लगेच कळेल. शिवाय घटकासमोरचं प्रोसेसर आर्किटेक्चर तपासा. ६४ बिट विंडोजला ‘एएमडी६४’ लागतं, मग प्रोसेसर इंटेलचा का असेना. तिथे ‘एक्स८६’ राहिलं असेल तर तो भाग मुकाट्याने वगळला जातो.

प्रश्न : बाकी सगळं आलं, पण वॉलपेपर काळा, टास्कबारवरचे पिन गायब, पीडीएफ परत एजमध्येच उघडते.

उत्तर : तिन्हींची कारणं वेगळी. वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये चित्राचा पत्ता साठतो. चित्र ॲडमिनिस्ट्रेटरच्या पिक्चर्समध्ये असेल तर विद्यार्थ्याला तिथे वाचायची परवानगी नसते. चित्र विंडोज\वेब\वॉलपेपरमध्ये ठेवा, मग तिथून लावा.

पीडीएफ कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, याची नोंद विंडोज त्या-त्या यूजरच्या एसआयडीशी (खात्याच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेल्या हॅशसह, म्हणजे पडताळणीच्या खुणेसह, ठेवते. नक्कल झाली की हॅश जुळत नाही आणि नोंद रद्द ठरते. त्यासाठी डिसम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-डिफॉल्टॲपअसोसिएशन्स वापरून नमुना पीसीवरून एक्सएमएल काढा आणि इम्पोर्टच्या आज्ञेने ती इमेजमध्ये भरा. नव्या यूजरला पहिल्या लॉगिनला ती लागू होते.

टास्कबारचे पिन लेआउटमॉडिफिकेशन.एक्सएमएल या फाइलीत लिहून ती साच्याच्या ॲपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\शेलमध्ये ठेवतात. त्यात दिलेला शॉर्टकट सगळ्यांच्या स्टार्ट मेनूतला, म्हणजे प्रोग्रॅमडेटामधला, असला पाहिजे. ॲडमिनिस्ट्रेटरच्या स्वतःच्या स्टार्ट मेनूतला दिलात तर तो पिन नुसता गाळला जातो, एररही येत नाही. विंडोज ११ ची स्टार्टमधली पिनची यादी स्टार्ट२.बिन या फाइलीत असते. नमुना खात्यातल्या स्टार्टमेनूएक्सपीरियन्सहोस्ट पॅकेजच्या लोकलस्टेट फोल्डरमधून ती साच्यातल्या त्याच जागी कॉपी करा, फोल्डर नसेल तर बनवा.

क्रोमचं होमपेज, प्रॉक्सी असल्या गोष्टी साच्यात कोंबूच नयेत, असं आमचं ठाम मत आहे. त्यांना ग्रुप पॉलिसी (ॲडमिनने मध्यवर्ती लावलेले नियम) आहे. पॉलिसी उद्या बदलता येते. साचा एकदा यूजरच्या घरात गेला की मागे घेता येत नाही.

प्रश्न : शाळेच्या पीसींवर मराठी कीबोर्ड इमेजमध्ये लावला होता. उतरवल्यावर नव्या खात्यात फक्त यूएस इंग्रजी. जुन्या मराठी फाइलीही वेगळ्याच फाँटमध्ये दिसतात.
— संगणक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : कीबोर्ड बहुधा उत्तर-फाइलीनेच पुसला. तिच्यात ‘ओओबीईसिस्टिम’ पासमध्ये इंटरनॅशनल-कोर घटकाखाली इनपुटलोकेल असतं आणि तिथे ०४०९:०००००४०९ हा यूएस कीबोर्ड राहिलेला असतो. हा पास कॉपीप्रोफाइलनंतर चालतो, म्हणून याचीच सरशी होते. तिथे ४००९:००००४००९;०४४ई:०००००४४ई असं लिहा. पहिली जोडी भारतीय इंग्रजी, दुसरी मराठी इनस्क्रिप्ट. विंडोज १० मध्ये २०१९ पासून आलेला मराठी फोनेटिक हवा असेल तर त्याला असा आकडा नाही, लांबलचक ओळखचिन्ह आहे. ज्या पीसीवर तो चालतो तिथे पॉवरशेलमध्ये गेट-विनयूजरलँग्वेजलिस्ट द्या आणि इनपुटमेथडटिप्स समोरचा मजकूर उचला.

नेटवर्कवरून न उतरवता एकेकटा पीसी दुरुस्त करायचा तर कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, कॉपी सेटिंग्ज इथे जाऊन वेलकम स्क्रीन आणि नवी खाती या दोन्हींवर टिक करा.

फाँटचा साच्याशी संबंध नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट विंडोजसोबत आपोआप बसत नाहीत, देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स या ऐच्छिक भागात असतात. मंगलमध्ये टाइप केलेली फाइल म्हणून निर्मला यूआयमध्ये दिसते आणि पानं पुढे-मागे सरकतात. ऐच्छिक भाग इमेजमध्येच बसवा, तो सगळ्या यूजरांना मिळतो.

प्रश्न : सगळं पुन्हा उतरवण्याऐवजी रजिस्ट्रीत एचकी_यूजर्स\.डिफॉल्टमध्ये बदल केला. काहीच झालं नाही.

उत्तर : नाव फसवं आहे. ‘.डिफॉल्ट’ ही लोकलसिस्टिम खात्याची, म्हणजे एस-१-५-१८ ची, रजिस्ट्री आहे. तिथला बदल लॉगिन पडद्यावर दिसतो. उदाहरणार्थ, तिथला नमलॉक. नव्या यूजरशी तिचा संबंध नाही.

साच्याची रजिस्ट्री आधी जोडावी लागते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रेग लोड एचकेयू\साचा, आणि पुढे डिफॉल्टमधल्या एनटीयूजर.डॅटचा पत्ता. मग बदल करा. फाइलींचं एक्स्टेंशन दिसावं असं हवं तर सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\करंटव्हर्जन\एक्सप्लोरर\ॲडव्हान्स्डमध्ये हाइडफाइलएक्स्ट हा डीवर्ड (आकड्याची नोंद) ०, फाइल एक्सप्लोरर ‘धिस पीसी’वर उघडावा तर लाँचटू १. झालं की रेग अनलोड एचकेयू\साचा.

अनलोडला ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर रजिस्ट्री एडिटर किंवा पॉवरशेलने ती शाखा धरून ठेवलीय. खिडकी बंद करून पुन्हा द्या. अनलोड केल्याशिवाय उठू नका. फाइल अडकलेली असेल तर त्या वेळी येणाऱ्या नव्या यूजरचं प्रोफाइल बनत नाही.

प्रश्न : चांगलं दिसणारं प्रोफाइल थेट डिफॉल्ट फोल्डरवर पेस्ट केलं. आता नवं कोणी लॉगिन केलं की ‘यूजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड’ येतं, कधी टेम्पररी प्रोफाइल. कसं सावरू?
— अकाउंट्स ऑफिस, पणजी

उत्तर : त्या एनटीयूजर.डॅटच्या कींवर मूळ यूजरच्या परवानग्या बांधलेल्या आहेत, पत्ते त्याच्या फोल्डरचे आहेत आणि फाइलींवर त्याचीच मालकी आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये १५०९ दिसला तर पुढे नेमकी कॉपी न झालेली फाइल लिहिलेली असते, १५११ म्हणजे टेम्पररी प्रोफाइल.

परवानग्या एकेक ठीक करत बसू नका. त्याच बिल्डच्या विंडोज आयएसओमधली इन्स्टॉल.विम डिसमने फक्त वाचण्यासाठी माउंट करा, बिघडलेल्या फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि माउंटमधला यूजर्स\डिफॉल्ट रोबोकॉपीने /ई /कॉपीऑल /एक्सजे लावून जागेवर आणा. कॉपीऑलने परवानग्याही येतात. एक्सजे जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारे दुवे) वगळतं, नाहीतर ॲप्लिकेशन डेटाच्या फेऱ्यात कॉपी अडकते. शेवटी फोल्डर पुन्हा लपवा.

ज्यांना टेम्पररी प्रोफाइल मिळालं, त्यांचा यूजर्समधला फोल्डर हाताने उडवू नका. रजिस्ट्रीच्या प्रोफाइललिस्टमध्ये नोंद तशीच राहते आणि पुढच्या लॉगिनला परत टेम्पररीच. त्यांचं काम आधी बाहेर काढा. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, यूजर प्रोफाइल्स, सेटिंग्ज इथून प्रोफाइल डिलीट करा. प्रोफाइललिस्टमध्ये .बॅक शेपटीची नोंद उरली असेल तर तीही काढा.