वापरलेल्या कूलंटने मेंब्रेन का चोंदते?

प्रश्न : सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्रांच्या) शॉपमधले वापरलेले कूलंट, म्हणजे धातू कापताना वापरायचे तेल-पाण्याचे मिश्रण, आम्ही ट्यूब्युलर यूएफ (नळीच्या आकाराच्या, अतिसूक्ष्म छिद्रांच्या) मेंब्रेनमधून गाळतो. आठवड्यातच प्रवाह निम्म्यावर येतो. दाब वाढवूनही उपयोग नाही.

उत्तर : दाब आधी कमी करा. जास्त दाबाने तेलाचा थर पृष्ठभागावर घट्ट बसतो. तो हटतो तो द्रवाच्या वेगाने. नळीतला वेग सेकंदाला ३-४ मीटर ठेवा. वर तरंगणारे स्लाइडवेचे (यंत्राच्या सरकत्या भागांचे) तेल स्किमरने आधीच काढा, बारीक चुरा बॅग फिल्टरने अडवा. पीव्हीडीएफ (मेंब्रेनचे प्लास्टिक) मुळात तेल ओढून घेते, म्हणून मेंब्रेन बदलताना पाणी धरणारा, म्हणजे हायड्रोफिलिक, पृष्ठभाग मागा. पण असे पृष्ठभागही सिलिकॉनच्या फेसनाशकापुढे हतबल होतात. ते टाकीत जाऊच देऊ नका, कारण एकदा बसले की धुऊन सहसा निघत नाही.

धुताना आधी ४५-५० अंशांचा, पीएच ११च्या आसपासचा डिटर्जंट बिनदाबाने अर्धा तास फिरवा. मग साध्या पाण्याने धुऊन, लोह किंवा क्षार असल्यास, दोन टक्के सायट्रिक आम्ल. क्रम उलटवलात तर आम्लाने इमल्शन (पाण्यात एकजीव झालेले तेल) फुटून मोकळे तेल मेंब्रेनलाच चिकटते. तापमान-पीएचची मर्यादा उत्पादकाच्या पत्रकात तपासा, आणि प्रत्येक धुण्यानंतर स्वच्छ पाण्याचा प्रवाह नोंदवा. मेंब्रेन कोरडे पडू देऊ नका.