नेपाळी नागरिक म्हणून आरटीआय नाकारला, मग माझं पोलीस रेकॉर्ड मला कसं मिळणार?

प्रश्न: मी नेपाळचा नागरिक. लहानपणीच वडिलांबरोबर नाशिकला आलो, ते कॉलेज रोडला वॉचमन होते, शाळा इथलीच, मराठीतून. बायको नाशिकची, ती भारतीय आहे. मी हॉटेल लाइनमध्ये कुक आहे. २०१८ ला विसर्जनाच्या रात्री शहरात मारामारी झाली, मी सोडवायला गेलो तर मलाही उचललं, रात्रभर पोलीस स्टेशनला बसवलं, दुसऱ्या दिवशी एका साहेबांपुढे उभं केलं, दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि सोडलं. नंतर समन्स नाही, नोटीस नाही. आता युरोपात नोकरी लागतेय, त्यांना भारतातलं पोलीस क्लिअरन्स हवंय. पडताळणीत तोंडी सांगितलं की तुमच्या नावावर रेकॉर्ड आहे, काय आहे ते सांगत नाहीत. आरटीआय टाकला तर "अर्जदार भारतीय नागरिक नसल्याने माहिती देता येत नाही" असं लेखी उत्तर आलं. बायकोच्या नावाने टाकू का?

उत्तर:

भाऊ, तुमचा राग समजतो, ज्या कागदावर आपलंच नाव आहे तो आपल्यालाच दाखवत नाहीत म्हटल्यावर कोणालाही राग येईल. पण आरटीआयवर अडकून बसू नका, कारण तुम्हाला जे कागद पाहिजेत त्यातले बरेचसे मागायला आरटीआय लागतच नाही. तुम्ही ते नागरिक म्हणून मागायचेच नाहीत, त्या प्रकरणातला माणूस म्हणून मागायचे, आणि तिथे कायदा पासपोर्टचा रंग बघत नाही.

पण कागद मागायच्या आधी एक गोष्ट आजच करा, पोलीस स्टेशनची पायरी परत चढायच्या आधी. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, महाराष्ट्र, मग नाशिक जिल्हा निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. वर्ष २०१८, मग २०१९, मग २०२०, आणि प्रलंबित व निकाली दोन्ही बघा. तुमच्या बाबतीत नावाची स्पेलिंगं चार-पाच प्रकारे टाकून बघावी लागतील, कारण अशा रात्री ठाणे अंमलदार घाईत लिहितो आणि नेपाळी माणसाचं नाव कागदावर कसं उतरेल काही सांगता येत नाही. बहादूर हेच आडनाव धरलेलं असतं, कधी आडनावाच्या जागी चक्क "नेपाळी" लिहिलेलं असतं. वडिलांच्या नावाने पण बघा, आणि त्या रात्री तुमच्याबरोबर जे होते त्यांच्या नावाने तर नक्कीच बघा, कारण केस असेल तर सगळ्यांची एकच असणार. हे आधी करायचं कारण असं की समजा तेव्हा गुन्हा दाखल होऊन दोषारोपपत्र गेलं असेल आणि समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलं असेल, तर तुमच्या नावाने वॉरंट निघालेलं असू शकतं. तसं निघालं तर पोलीस स्टेशनला एकटं जाऊ नका, वकील घेऊन सरळ कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रद्द करायचा अर्ज द्या. स्वतःहून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं.

आता "रेकॉर्ड आहे" म्हणजे नेमकं काय आहे. पडताळणीवाला हा एकच शब्द वापरतो पण त्याच्या पोटात तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात आणि तुमची कुठली ते कळल्याशिवाय पुढचा सल्ला देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

पहिली शक्यता एन.सी., म्हणजे अदखलपात्र. मारामारीत कोणाला जास्त लागलं नसेल तर तेव्हाच्या दंड संहितेची ३२३ (साधी मारहाण), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी) ही कलमं लावून एन.सी. घेतात हे तुम्ही ऐकलं असेल. एन.सी. मध्ये मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ३२३ ची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्ष, ५०४ आणि साध्या धमकीच्या ५०६ ला तीन वर्षं अशी मुदत होती. २०१८ ची एन.सी. नुसती तशीच पडून असेल तर ती आज मेलेली आहे, रजिस्टरमध्ये नोंद आहे एवढंच.

दुसरी शक्यता चॅप्टर केस, आणि तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून मला हीच जास्त वाटते. रात्री बसवलं, दुसऱ्या दिवशी "एका साहेबांपुढे" उभं केलं, सह्या घेतल्या, सोडलं. आयुक्तालय असलेल्या शहरात हे साहेब बहुतेक सहायक पोलीस आयुक्त असतात, तेच विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५१ लावून उचलायचं आणि १०७ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायचं ही जुनी पद्धत. तुम्ही सही केलेला एक कागद ते बंधपत्रच असणार. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर, दंडाधिकाऱ्याने खास कारणं लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर, कार्यवाही आपोआप संपते. चॅप्टर ही प्रतिबंधक कारवाई आहे, त्यात तुम्ही कोणाला मारलं असं कोणी ठरवत नाही, तुम्हाला दोषी धरत नाही, शिक्षा होत नाही. हे मी ठळक सांगतेय कारण बरेच जण स्वतःच फॉर्मवर "हो, माझ्यावर गुन्हा आहे" असं लिहून मोकळे होतात.

तिसरी शक्यता, खरोखरचा एफआयआर. मग त्याचं पुढे काय झालं ते बघायचं, दोषारोपपत्र गेलं की समरी, म्हणजे प्रकरण बंद करा असा पोलिसांचा कोर्टाला अहवाल, झाली. आपल्याकडे ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, बी म्हणजे फिर्यादच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. समरी मंजूर झाली असेल तर तो मॅजिस्ट्रेटचा आदेश तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा कागद, पण बऱ्याचदा होतं काय की कोर्टात प्रकरण संपतं आणि पोलिसांच्या कॉम्प्युटरवर मात्र ते तसंच उघडं राहतं, कारण निकाल तिथे कोणी चढवलेलाच नसतो. पडताळणीवाल्याला स्क्रीनवर फक्त गुन्हा नंबर दिसतो.

आता मागायचं कसं. एफआयआर असेल तर सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा यूथ बार असोसिएशनचा निकाल आहे, त्यात सांगितलंय की आरोपीने किंवा त्याच्या वतीने कोणी अर्ज केला तर पोलिसांनी चोवीस तासांत प्रमाणित प्रत द्यायची, आणि लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील प्रकार सोडले तर एफआयआर वेबसाइटवरही टाकायचा. म्हणजे २०१८ चा एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर प्रकाशित एफआयआरमध्ये सापडायला हवा, तिथेही शोधा. दोषारोपपत्र गेलं असेल तर त्याची आणि सोबतच्या कागदांची प्रत आरोपीला फुकट द्यायची असते, आधी कलम २०७ होतं आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २३०. कोर्टातला आदेश किंवा जबाब पाहिजे तर नक्कल विभागात नकलेचा अर्ज, आदेशाचा ज्याच्यावर परिणाम होतो अशा कोणत्याही माणसाला तो करता येतो, त्याच नव्या संहितेचं कलम ४०४. चॅप्टर असेल तर सहायक आयुक्तांच्या कार्यालयात सामनेवाला, म्हणजे ज्याच्यावर कारवाई झाली तो, म्हणून अर्ज करा आणि आदेश, बंधपत्र, प्रकरण बंद झाल्याची नोंद, तिन्हीच्या प्रमाणित प्रती मागा. पुराव्याच्या नव्या कायद्यात, भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ७५ आहे, ज्या व्यक्तीला सार्वजनिक दस्तऐवज बघायचा हक्क आहे तिला फी घेऊन प्रत द्यायचीच. या सगळ्या कलमांत तुम्हाला "व्यक्ती", "आरोपी" असं दिसेल, "नागरिक" कुठेच नाही. अर्जात ही कलमं लिहा आणि तुमच्या राष्ट्रीयत्वाचा विषय स्वतःहून काढूच नका, ओळख विचारली तर नेपाळचा पासपोर्ट किंवा नागरिकता प्रमाणपत्र दाखवा. व्हिसा कुठे आहे असं कोणी म्हणालं तर १९५० चा भारत-नेपाळ करार आहे, नेपाळी नागरिकाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही, सप्टेंबर २०२५ पासून परकीयांसाठी नवा कायदा आला तरी नेपाळ-भूतानची सूट तशीच आहे.

काही मिळणार नाही तेही ऐका. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची वही, आरोपीला मिळत नाही, खबऱ्याची माहिती मिळत नाही. त्यात वेळ घालवू नका.

अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. पोच दिली नाही तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि एक प्रत गंगापूर रोडला आयुक्त कार्यालयात द्या. २०१८ ला तुम्हाला बसवलेलं पोलीस स्टेशन ग्रामीण हद्दीत असेल तर आयुक्तालय नाही, आडगावचं ग्रामीण एसपी ऑफिस. पासपोर्ट ऑफिसचं क्लिअरन्स भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी असतं, म्हणून तुमच्यासाठी आयुक्तालयाच्या विशेष शाखेत परकीय नागरिकांचं काम बघणाऱ्या टेबलाकडेच विचारा. लवकर विचारा, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, पडताळणीची गर्दी वाढतच जाणार.

आता आरटीआय. कलम ३ मध्ये "सर्व नागरिकांना" असं लिहिलंय, त्यामुळे माहिती अधिकाऱ्याने हवेतून काही काढलेलं नाही. पण मार्च २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा ताशी नावाच्या तिबेटी शिक्षकाचं प्रकरण आलं होतं, त्याने स्वतःच्या नोकरीबद्दल माहिती मागितली होती आणि तो नागरिक नाही म्हणून नाकारली होती. न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी म्हटलं की कलम ३ नागरिकांचा हक्क मान्य करतं, बाकीच्यांना सरसकट बंदी करत नाही, कुठली माहिती मागितलीय आणि त्या माणसाला राज्यघटनेने कुठले हक्क दिलेत ते बघून ठरवायचं. मला हा निकाल मनापासून पटतो, कारण कलम १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत, आणि ज्याच्या स्वातंत्र्यावर पोलिसांनी हात टाकला त्याला त्याचा कागद बघू न देणं कुठल्या हिशोबाने बरोबर? पण दिल्लीचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, वजनदार आहे एवढंच. म्हणून पहिलं अपील जरूर करा, वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि हा निकाल जोडा. तिथे नाही जमलं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. फक्त नोकरीची तारीख यावर अवलंबून ठेवू नका.

बायकोच्या नावाने? ती नागरिक आहे, तिला टाकता येईल, त्यात बेकायदा काही नाही. पण ती मागणार तुमची वैयक्तिक माहिती, आणि नोव्हेंबर २०२५ पासून आरटीआयचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम ८ (१) (ञ) बदललंय, आधी त्यात जनहिताचा विचार तिथल्या तिथे होता, आता वैयक्तिक माहिती म्हटलं की नकार देणं सोपं झालंय. तुमचं संमतीपत्र जोडून, कलम ८ (२) चा जनहित मुद्दा लिहून प्रयत्न करा, दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवा, नाहीतर त्याच कारणाने परत येईल. माझ्या मते हा दुसऱ्या नंबरचा उपाय. नव्या डेटा संरक्षण कायद्यात स्वतःची माहिती बघायचा हक्क आहे खरा आणि तो फक्त नागरिकांचा नाही, पण गुन्ह्याचा तपास त्यातून वगळलाय, तेव्हा तिकडे आशा नको.

कळकळीने एक सांगते, कोणी म्हणेल की ऑनलाइन फॉर्ममध्ये "भारतीय" वर टिक कर, किंवा मतदार कार्ड काढून घे, ते मी करून देतो. अजिबात करू नका. मतदार यादीसाठी खोटं डिक्लरेशन हा वेगळा गुन्हा आहे, वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि मग आज जी बहुतेक फालतू चॅप्टर केस आहे तिच्या जागी खरी केस उभी राहील. आधीच कोणी काढून दिलेलं असेल तर ते कुठेही दाखवू नका आणि आधी वकिलाला भेटा.

कागद हातात आले की त्यांच्या प्रती जोडून विशेष शाखेला लेखी द्या की प्रकरण अमुक तारखेला संपलंय, रेकॉर्ड अपडेट करून दाखला द्या, आणि नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. तोंडी नकाराला कोर्टात किंमत नाही, लेखी नकार मात्र मुंबई हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली नेता येतो, तिथेही नागरिक असायची अट नाही. परदेशातल्या कंपनीला तोपर्यंत काय सांगायचं तर खरं तेच सांगा, चॅप्टरच निघाली तर प्रतिबंधक कारवाई झाली होती, गुन्हा सिद्ध झालेला नाही, आणि अजून कळलं नसेल तर नेमकी नोंद काय ते कळायचंय, कागद मागवलेत, आणि अर्जाची पोच स्कॅन करून पाठवा.

फीची चिंता असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर वकील फुकट मिळतो, तिथलाही कायदा "व्यक्ती" म्हणतो. जाताना आरटीआयचं उत्तर पाकिटासकट न्या, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काच अपिलाची मुदत दाखवतो.