गोव्यात अंगणवाडी आणि प्ले-स्कूलची तपासणी कोण करतं? पालकाला अहवाल मिळतो का?

ताई, तुम्ही विचारलंय की कोल्हापूरहून फोंड्याला राहायला आलोय, मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे, घराजवळ भाड्याच्या खोलीत अंगणवाडी आहे आणि रस्त्यापलीकडे खाजगी प्ले-स्कूल. या दोन्हींवर सरकारची नजर असते का, आणि तपासणीचा अहवाल आपल्याला बघता येतो का? मी डिचोली भागात बरीच वर्षं मुख्य सेविका म्हणून काम केलं. अंगणवाड्यांना भेटी देऊन शेरा लिहिणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे या दोन दारांवर एकाच खात्याचा माणूस येत नाही. अंगणवाडी ही 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची. गोव्यात ती महिला व बालविकास संचालनालयाकडे आहे. सेविकेच्या वर मुख्य सेविका, तिच्या वर तालुक्याचा बालविकास प्रकल्प अधिकारी, अशी उतरंड. एका मुख्य सेविकेकडे साधारण पंचवीस अंगणवाड्या असाव्यात असं योजनेत धरलेलं आहे. आता हजेरी, वजन, आहार हे सगळं सेविका मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपमध्ये भरते. ते कार्यालयात बसून दिसतं, पण आकडा दिसणं आणि मूल दिसणं यात फरक आहे.

वजनाचंच घ्या. नोंदींत सगळ्या मुलांचं वजन महिन्यामागून महिना बरोबर दोनशे ग्रॅमने वाढलेलं दिसलं की मी समजायचे, काटा बाहेर निघालेलाच नाही. खरं मूल असं वाढत नाही. तापात उतरतं, एखादा महिना तसंच राहतं, मग एकदम भरून काढतं. अशा वेळी मी नोंदीतली दोन-तीन मुलं निवडायचे, सेविकेला काटा सपाट फरशीवर ठेवायला सांगायचे, आधी त्यावर पाच किलोची सीलबंद तांदळाची पिशवी ठेवून बघायचे आणि मग चपला-स्वेटर काढून मुलाला उभं करायचे. उंचीही तेव्हाच. दोन वर्षांखालचं बाळ आडवं निजवून मोजायचं, त्यावरचं भिंतीला टेकवून उभं. वजन आणि उंची एकमेकांशी जुळवून बघितल्यावरच मूल सॅममध्ये येतं की मॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित की मध्यम, ते कळतं. उंची चुकली की आजारी मूल कागदावर ठणठणीत होतं आणि आरोग्य केंद्रात पोचतच नाही. तपासणीत याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही मला वाटत नाही. पण खूप भेटींमध्ये रजिस्टरवर सह्या होतात आणि काटा कपाटातच राहतो, हे मी पाहिलंय. दोष एकट्या सेविकेचा नाही. सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं तिच्याच डोक्यावर येतं.

आहाराचं थोडक्यात सांगते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम शिजवलेलं जेवण हा 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तीन वर्षांखालच्यांना घरी नेण्यासाठी कोरडा आहार मिळतो. म्हणजे तुमच्या मुलाला आत्तापासून नाव नोंदवून वजन, लसीकरणाचा पाठपुरावा आणि हा आहार मिळतो, वर्गात बसायला मात्र तीन पूर्ण व्हावी लागतील. नाव आजच घाला. भाड्याने राहता म्हणून कुणी नाही म्हणू शकत नाही.

आता खाजगी प्ले-स्कूल. इथली व्यवस्था कच्ची आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खाजगी प्ले-स्कूलसाठी मार्गदर्शक नियमावली काढलेली आहे. त्यात तीन वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही, दर 20 मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई हवी, कुंपण, मुलग्यांना-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, आगीपासून बचावाची सोय आणि पालक-शिक्षक संघ हवा, असं आहे. पण ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मोडली तर थेट दंड करणारा कायदा नव्हे. तीन वर्षांवरच्या पूर्व-प्राथमिक वर्गांचा विषय शिक्षण खात्याकडे येतो. पायाभूत टप्प्यासाठी, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, नवं शैक्षणिक धोरण गोव्याने 2023-24 पासून लागू केलं, त्यामुळे खात्याकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. तुमच्या मुलाच्या वयाला मात्र ‘प्ले-ग्रुप’ म्हणून जे चालतं, त्याच्यावर कुणाचंच पक्कं लक्ष नसतं. म्हणूनच तिथे जास्त डोळे उघडे ठेवायला हवेत. (तुम्ही किंवा तुमचे मिस्टर कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यात असाल तर हेही विचारा: 50 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनाला पाळणाघर ठेवणं 2017 पासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं.)

जागा बघायला जाल तेव्हा सुंदर भिंती आणि कार्टून बघत बसू नका. सरळ मागच्या दारी जा. आपल्याकडे भाड्याच्या घरात हमखास विहीर असते. तिला मुलाच्या डोक्यावरून जाईल एवढा कठडा आणि वर जाळी आहे का बघा. नळ मुलाच्या हाताला पोचतो का, साबण ओला आहे का? कोरडा, तडकलेला साबण म्हणजे तो नुसता दाखवायला ठेवलेला. जाळीचं दार आतून लावलं तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? आणि जमलं तर जुलैत, धो-धो पावसात एकदा जाऊन या. छप्पर कुठे गळतं, शेवाळावर मुलं घसरतात का, वीज गेल्यावर खोलीत किती अंधार होतो, हे एप्रिलच्या भेटीत कळत नाही.

मारहाणीबद्दल कुणी ‘थोडं रागवावं लागतं’ म्हणालं तर तिथेच थांबा. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा 2003 पासून आहे आणि त्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. तसं काही दिसलं तर मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर फोन करा किंवा पणजीच्या राज्य बालहक्क आयोगाकडे लेखी द्या. स्वयंपाकाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासन.

अहवालाचं म्हणाल तर, अंगणवाडीतली भेटवही आधी गोडीने मागून बघा. मी तरी कुठल्या आईला ती बघू नको म्हटलं नाही. आधीच्या शेऱ्यात काय दुरुस्ती सांगितली होती आणि पुढच्या भेटीत तीच पुन्हा लिहावी लागली का, एवढं वाचलंत तरी पुष्कळ कळेल. कुणी टाळाटाळ केली तर संचालनालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्जात ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. त्या अंगणवाडीचं नाव, वाडा, आणि गेल्या दोन वर्षांतले भेटींचे शेरे व त्यावर झालेली कार्यवाही, एवढंच मागा. प्ले-स्कूलचा अर्ज शिक्षण खात्याकडे वेगळा करायचा. तिथे नोंदणीची प्रत मागा. नोंदणीच नाही असं उत्तर आलं, तर ते लेखी उत्तर घेऊन मुख्याध्यापिकेसमोर बसा आणि मगच फी भरायची की नाही ते ठरवा.